निर्मलाताईंचा ग्रह

निर्मलाताई कोणाच्याही घरी चहा घेण्याआधी कपाच्या कडेवरून बोट फिरवायच्या. टवका लागला की कप शांतपणे परत. "नापास. माणसं पास आहेत, चहा दुसऱ्या कपात द्या." खडकीच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं सुटे भाग तपासले, आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांनी परत पाठवलेला भाग घेऊन भांडायला जायची कोणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांना वेगळंच वेड लागलं. अवकाशातल्या दुर्बिणीने मोजलेला ताऱ्यांचा उजेड इंटरनेटवर कोणालाही बघता येतो. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की तो उजेड किंचित उतरतो, आलेखात खळगा पडतो. येरवड्याच्या फ्लॅटमध्ये ताई दुपारभर असे खळगे शोधत बसत. "जन्मभर दुसऱ्यांचं नापास केलं हो काळे," त्या म्हणायच्या, "आता आपलं एक तरी पास व्हावं, एवढंच वाटतं." पण नियम कारखान्यातलाच. ज्याने केलं त्याने तपासायचं नाही. त्यामुळे तपासनीस मी.

एकदा त्यांनी आणलेल्या आलेखात दर साडेतीन दिवसांनी ठसठशीत खळगा होता. मला जावयाला आणायला स्टेशनवर जायचं होतं. उभ्याउभ्याच पाहिलं. खळगे एकाआड एक कमी-जास्त वाटले. तसं असलं की समोरून जाणारा बहुधा ग्रह नसतो, दुसरा ताराच असतो. "नापास," मी म्हणालो. ताईंनी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि "जावयाला खोळंबवू नका" म्हणून निघाल्या.

दीड वर्षाने परदेशातल्या कोणी तोच ग्रह जाहीर केला. गुरूपेक्षा मोठा, नुसत्या वायूचा, ताऱ्याला इतका खेटून की तापून लाल झालेला. वर्ष अवघं साडेतीन दिवसांचं. मी त्यांच्याकडे गेलो, पण मान वर होईना.

"बसा," त्या म्हणाल्या. "ग्रह आहे ना तिथे? मग झालं. मी शोधला काय नि त्यांनी शोधला काय, तो फिरायचा थांबणार आहे का?" एवढं बोलून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा मीच गाळला.

पुढच्याच सोमवारी त्या नवा आलेख घेऊन माझ्या दारात उभ्या. मी म्हणालो, "ताई, आता दुसरं कोणी तरी बघा."

"का? एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा डोळे फाडून बघतो. फॅक्टरीत मी असाच माणूस मागून घ्यायचे. तुम्हाला कशाला घेतलं होतं, असं वाटलं?"

तो आलेख मी आठ दिवस पाहिला, एकेक खळगा पुन्हा पुन्हा मोजला. ताईंना तेव्हा जिना चढताना धाप लागायची. पुढचा आलेख येईल की नाही, याची मला धास्ती होती. ‘पास’ म्हणून टाकलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण या वेळी खळगे खरोखरच एकाआड एक कमी-जास्त होते. मी त्यांच्या घरी जाऊन तसं सांगितलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, सावकाश पाहिला आणि मान हलवली. "बरोबर. आता तपासलंत."

दोन महिन्यांनी त्या गेल्या. त्या शेवटच्या आलेखात ग्रह निघावा असं मला किती वाटलं होतं, ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं.