देशावर संशय घेणारे भाऊजी

आमच्या कासार आंबोलीत देशाच्या प्रगतीवर सगळ्यांत बारीक नजर कुणाची असेल, तर ती माझ्या धाकट्या दिरांची. देश पुढं चाललाय असं टीव्हीवरच्या बाईनं म्हणायचा अवकाश, भाऊजी उठून दिव्याचं बटण दाबून बघतात. लागला तर म्हणतात, "हाय बुवा. पन किती वेळ?" गावात पांढरे बूट घालून कुणी उतरला, की तो प्लॉट हेरायला आलाय हा त्यांचा पहिला संशय. त्यानं पत्ता विचारला, तर तो आधीच ठाऊक असून विचारतोय, हा दुसरा. नातवाला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "तुजी कंपनी बनवती काय?" पोरगं अर्धा तास समजावत होतं. "म्हंजे हातात धरता येत न्हाई," असा निकाल देऊन त्यांनी पेढा तेवढा खाल्ला.

मी नवी नवरी असताना सातवी शिकलेली, म्हणजे स्वतःच्या मते अर्थमंत्रीच. रेडिओवर ऐकून एकदा त्यांना भाकरी वाढता वाढता ठणकावलं, "भाऊजी, दहा वर्षांत आपला देश जगात पहिला!" ते म्हणाले, "वैनी, आदी चार घरांनी मिळून आडाचा रहाट दुरुस्त करा. देश पैशापाई अडत न्हाई. पाच जनांत सहा अध्यक्ष व्हत्यात, तितं अडतो." अपमान झाला म्हणून मी त्यांचं तूप बंद केलं. रहाट काही दुरुस्त झाला नाही. वर्षभर दोरानं पाणी शेंदून हाताला घट्टे पडले ते अर्थमंत्र्यांच्याच.

परवाच्या सुगीत माझ्या सुनेनं गावातल्या पाच जणींना घेऊन भातगिरणी काढायचं ठरवलं. जागा हवी होती ती भाऊजींच्या रस्त्याकडेच्या रिकाम्या गोठ्याची. त्याच गोठ्यावर एका प्लॉटवाल्याचाही डोळा. भाऊजींनी दोघांवरही सारखाच संशय घेतला आणि बायकांना एकच हंगाम दिला. "तवर तुमी भांडालच," म्हणाले, "मंग त्याला देतो."

तेव्हापासून रोज गोठ्याबाहेर बाज टाकून ते भांडणाची वाट बघत बसले. डोळ्यांनी आता धूसर दिसतं, पण कान शाबूत. आणि भांडण झालंच! पोत्यावर पहिलं नाव कुणाचं छापायचं, यावरून दोन जणींनी असा आवाज लावला, की गिरणी ऐकू येईना. भाऊजींचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर गिरणी बंद.

"मोडली न्हवं?" भाऊजी बाजेवरून म्हणाले. "लाईट तर हाय, मी बगितलंय."

मी आत डोकावले आणि परत आले.

"जेवायला बसल्यात."

"कोन कोन?"

"सगळ्या."

"येगयेगळ्या कोपऱ्यात?"

"एकाच पोत्यावर, भाऊजी. कालच्या दोघी एकमेकींच्या डब्यातलं खातायत. पोत्यावर नुसतं गावाचं नाव घालायचं ठरलं म्हणे."

भाऊजींनी सरकून मला बाजेवर जागा केली.

"त्या प्लॉटवाल्याला निरोप धाडा वैनी, गोठा रिकामा न्हाई म्हनावं."

आवाज जरा घोगरा आला. "कोंडा गेला घशात," ते म्हणाले. गिरणी बंद असताना कोंडा उडाला कुठून, हे मी विचारलं नाही.