रेखाताईंची ॲक्टिंग

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या. माझ्याएवढी माती कुणी खाल्ली असेल असं मला तरी वाटत नाही.

मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहेच. गावोगावचे युवा गट चालवणाऱ्या ताई-दादांना शिकवतो. म्हणजे, शिकवत नाही! आमच्यात तो शब्द उच्चारला तरी पाप लागतं. मोठी माणसं भाषणानं शिकत नाहीत, आधी अनुभव आणि मग चर्चा. हे मी चांगलं तासभर भाषण करून सांगतो.

तर कुसगावला एका हॉलमध्ये शिबिर होतं. विषय, मुलांचं ऐकायचं कसं. सगळ्यांचे मोबाइल एका पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. का? तर अनुभवात व्यत्यय नको.

शिबिराला परंदवडीच्या रेखाताई आल्या होत्या. कंपनीत कामाला जातात आणि संध्याकाळी गावातल्या मुलींची कबड्डी घेतात. चहाच्या सुट्टीपुरते मी मोबाइल परत दिले होते. सुट्टी संपता संपता त्या माझ्याकडे आल्या, म्हणाल्या जरा बोलायचं होतं. मी पुढच्या खेळाच्या चिठ्ठ्या दुमडत होतो. म्हटलं, ताई, जे असेल ते खेळ झाल्यावर गोलात बोला. मोबाइल घेतला आणि त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

चिठ्ठीत त्यांची भूमिका होती, घराबाहेर जायची परवानगी मागणारी मुलगी. बाकीचे तिच्या घरचे. घरच्यांना मी हळूच बजावलं होतं की ती काहीही म्हणू दे, ऐकायचं नाही. मी घंटी वाजवेपर्यंत सोडायचं नाही.

रेखाताई उभ्या राहिल्या.

"आमची मॅच उद्या हुती, ती आजच घेतलीय. पोरी तळेगावला थांबल्यात. समद्यांची आधार कार्डं माझ्या पिशवीत हायेत. मला जाऊ द्या."

माझ्या अंगावर काटा आला हो. आधार कार्डं! इतका बारीक तपशील कुणाला सुचतो? बाप झालेले आंबीचे दत्ताभाऊही पेटले. दाराला पाठ लावून उभे राहिले आणि पोरींनी कबड्डी कशाला खेळायची म्हणून गरजू लागले.

रेखाताई माझ्याकडे वळल्या. "सर, मी खरंच सांगतीय."

"वा!" मी म्हणालो. "परत एकदा, जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं नाही."

बिचाऱ्यांनी परत सांगितलं. या वेळी डोळ्यांत पाणी होतं. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. घंटी माझ्या हातातच होती, पण वाजवतो कशाला? असा अनुभव काय रोज मिळतो?

शेवटी त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गप खाली बसल्या. मग मी घंटी वाजवली, सगळ्यांना गोलात बसवलं आणि माझा आवडता प्रश्न विचारला. ताई, त्या मुलीच्या भूमिकेत काय वाटलं?

"कुटली भूमिका, सर?" त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. तिची घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. "मॅच गेली आमची."

डबा उघडला तर त्यांचा मोबाइल वाजतच होता. कार्डांशिवाय पोरींना मैदानात घेतलं नव्हतं, समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल मिळाली होती. रेखाताईंच्या पोरींची कॅप्टन कोमल, ती पुढच्या वर्षी त्या वयोगटात बसणार नव्हती. तिची ही शेवटची स्पर्धा, आणि ती माझ्यामुळे गेली. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. ऐकायला शिकवणारा मी, आणि त्या दिवशी त्या हॉलमध्ये एकच बाई खरं बोलत होती, तर तिचंच ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी परंदवडीला गेलो. पोरी सरावाला जमल्या होत्या, रेखाताई कडेला उभ्या. हात जोडले आणि म्हणालो की माझं चुकलं, तुमची मॅच मी घालवली, मला माफ करा.

रेखाताईंनी पोरींना सगळं सांगितलेलं दिसत होतं. कोमलनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"वा सर," ती म्हणाली. "परत एकदा, जरा मोठ्यानं. मागच्यांना आयकू न्हाई आलं."

मी परत म्हणालो, मोठ्यानं. पोरींनी टाळ्या वाजवल्या.