आईला पिशवीत घेऊन पनवेलला

मागच्या लेखात बजावलं होतं की ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा. ठेवलीत? नाही ना! मला अक्षर येत नाही म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुमच्याकडे वह्या आहेत, मोबाईल आहेत, त्यामुळे तुमची डोकी मोकळी. असो. नवीन आलेल्यांसाठी सांगते, मी द्वारकाआजी, रोह्याजवळच्या गावची. बोलते मी, टाइप करते माझी नात मुक्ता. मधे कुठे शहाणपणा दिसलाच तर तो तिने घुसडलेला आहे.

तर कॅमेरा. आमच्या ह्यांना फोटोंचा भारी नाद. पण माझ्या आईने जन्मभर फोटो काढू दिला नाही. आयुष्य घटतं म्हणायची. शेवटी एकदा ह्यांनी नवा रोल घातला, तिला अंगणात पाटावर बसवलं, काय गोड बोलले कोण जाणे, आणि म्हातारी तयार झाली. तो तिचा एकुलता एक फोटो. त्यानंतर ह्यांनी गाय काढली, भोपळ्याचा वेल काढला, शेजारचं बारसं काढलं, आणि रोल आत अडकला. पुढे सरेना, मागे फिरेना. "झाकण उघडू नकोस हं, उजेड लागला की सगळं गेलं," हे म्हणाले. पनवेलला कुणाला तरी दाखवू म्हणाले. दाखवायच्या आत आई गेली. काही वर्षांनी हेही गेले. कॅमेरा माझ्या लुगड्यांखाली राहिला.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर तुम्ही विचारायचं विसराल. ते झाकण मी उघडलं होतं. आईचे दिवस झाले त्यानंतरची दुपार होती, हे बाजारात गेले होते, आणि मला तिला बघायचं होतं. मला वाटलं, फोटो आत बसलेला असेल. आत नुसती तपकिरी पट्टी. लगेच बंद केलं. ह्यांना बोलले नाही, कुणालाच बोलले नाही.

मुक्ताला कॅमेरा सापडला तेव्हा आईच्या फोटोचं आणि उजेडाचं सांगितलं, मी झाकण उघडल्याचं नाही; ती मला तो दाखवायला रोह्याला घेऊन गेली. रोह्याच्या फोटोवाल्याने "बघू आजी" म्हणत झाकणाच्या खटक्यावर अंगठा ठेवला, तेव्हा तिने त्याच्या हातातून कॅमेरा हिसकावला. "आता रोल धुतं कोण?" तो हसला. मुक्ताने घरी येऊन इंटरनेट उपसलं. पनवेलात काही मंडळी अजून रोलवर फोटो काढतात, रविवारी जमतात, स्वतः धुतात. "जाऊया आजी!" ती नाचली. मी कॅमेरा परत लुगड्यांखाली सरकवला.

जाणाऱ्यांसाठी माहिती: रोह्याहून सकाळची पहिली एसटी पकडा. माझं अर्धं तिकीट. अडीच तास म्हणतात, पण महामार्गाचं काम चाललंय, तीन धरा. नागोठण्यानंतर खड्डे असे, की प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी उराशी धरायची. मुक्ताने कॅमेरा काळ्या कापडात, कापड डब्यात, डबा पिशवीत घातला होता. कंडक्टर म्हणाला, "आजी, पिशवी वर ठेवा की."

"आई आहे त्यात," मी म्हटलं.

तो पुढच्या तिकिटाला गेला, परत आमच्याकडे फिरकला नाही.

वडखळला गाडी थांबते. वडापाव बरा, चहात साखर फार. मी दोन्ही मुक्तापुढे सरकवले. पनवेल स्टँडवर उतरलो तेव्हा मुक्ताला म्हटलं, "परत जाऊया का? गुडघा दुखतोय."

"कुठला?"

मी चुकीचा दाखवला. चढताना दुसरा सांगितला होता. पण खरं सांगू? झाकण बंद होतं तोवर आई आत होती. उघडून काही निघालं नाही, तर तिला दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं होणार होतं, आणि या वेळी माझ्याच हाताने.

स्टँडवरून जुन्या पनवेलात चालत दहा मिनिटं, माझ्या पायांनी वीस. गल्लीत इक्बालभाईंचा बंद पडलेला स्टुडिओ आहे. इक्बालभाई मूळचे इथलेच, कोकणी मुसलमान. आखातात फोटोच्या लॅबमध्ये उमेदीची वर्षं घालवून परत आले. रविवारी शटर अर्धं वर, आत सात-आठ माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात माझ्या कॅमेऱ्याहून जुना कॅमेरा. कुणी तळोज्याच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेला, कुणी बँकेतला. करंजाड्याची सोनाली नावाची पोरगी मला बघून म्हणाली, "आजी, बसा. आमच्यात सगळ्यात सीनियर मेंबर आल्या!"

"फी नाही देणार हं," मी म्हटलं. हसले सगळे. मी हसले नाही.

सोनालीने आपली एक फुकट गेलेली पट्टी दाखवली. अर्धी काळीकुट्ट. "मीच येडी. रोल संपला समजून झाकण उघडलं. बाहेरचे वेढे जळले, म्हणजे शेवटचे फोटो. आतले सुरुवातीचे वाचले." मी पिशवी पुन्हा उराशी धरली.

इक्बालभाईंनी कॅमेरा हातात घेतला, बाळाला घ्यावं तसा. "आजी, कधी उघडला होता का?"

"नाही," मी म्हटलं. मुक्ताकडे बघून म्हटलं.

"मग अल्लाची मेहेरबानी. रंग मात्र येणार नाहीत हं, फार जुना झालाय. काळा-पांढरा काढू."

मागची खोली म्हणजे कोंदट कोठार, आंबूस औषधी वास. मुक्ता आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलांवर. दार लावलं, फटीवर पडदा ओढला, दिवा घालवला. असा काळोख मी पाहिलेला नाही. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना. मुक्ताने माझा हात धरला, तिचाही गार. खटका वाजला. झाकण उघडलं.

"पट्टीच्या कडेची भोकं फाटलीत, म्हणून अडकली," काळोखातून इक्बालभाई बोलत होते. "पूर्ण सोडवली. आता सुरुवातीचा एवढासा तुकडा कापून आधी तोच धुऊन बघतो. जुन्या रोलला किती वेळ द्यायचा ते कळतं. पहिले एक-दोन फोटो लोक उगाच काढतात, ते गेले तरी..."

कात्री उघडल्याचा आवाज आला.

"थांबा!" मी ओरडले. "पहिली आईच आहे!"

"मग शेवटून कापू? शेवटचे फोटो नकोत तुम्हाला?"

"शेवटचं जळलंय. मी उघडलं होतं झाकण. मघाशी खोटं बोलले."

मुक्ताचा हात सुटेल असं वाटलं. सुटला नाही, उलट तिने दाबला.

"बरं झालं, काळोखात परत विचारलं मी," इक्बालभाई म्हणाले. "उजेडात खोटं, अंधारात खरं. उलटंच आहे तुमचं, आजी." आणि दुसऱ्या टोकाला कात्री चालली.

पुढचा दीड तास सांगत नाही. त्यांच्या घरून तांदळाची वाफवलेली सांदणं आली, मऊ लुसलुशीत, मी चक्क दोन उरवली. कापलेला तुकडा कोळशासारखा निघाला. मग बाकीची पट्टी डब्यातून बाहेर आली. बरीचशी काळी. बारसं गेलं, वेल गेला, गाईची नुसती शिंगं राहिली. आणि अगदी टोकाला, कडेने धुरकट, एक चौकोन.

इक्बालभाईंनी दिव्यासमोर धरला. मी घाबरलेच. तोंड काळं, लुगडं पांढरं. "ही कोण?"

"निगेटिव्ह आहे, आजी," सोनाली म्हणाली. "सगळं उलटं दिसतं. पांढरं ते काळं."

मी पुन्हा बघितलं. पाटावर बसलेली, हात मांडीवर, तोंड चुकवून हसणारी माझी आई. आणि तिचे पांढरेशुभ्र केस काळेभोर. मी पोटात असताना असेल तशी. मी बघितली नव्हती तेव्हाची.

कागदावरचा फोटो पुढच्या रविवारी मिळणार आहे, तोवर पट्टी आणि कॅमेरा इक्बालभाईंकडेच. येताना एसटीत मी पिशवी वर ठेवली. घरी आल्यावर मुक्ताने एवढंच विचारलं, "आजोबांना का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, रागावले नसते म्हणून. रागावले असते तर केव्हाच सांगितलं असतं. कपाटात कॅमेऱ्याची जागा आता रिकामी आहे. भीती तिथेच बसायची, ती कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. हात मात्र सवयीने जातो.

आता तुमचं काम. पुढच्या रविवारी पनवेलला जो कुणी जाईल, त्याने आमच्या दारावरून जावं. इक्बालभाईंसाठी कडवे वाल पाठवायचेत. मोड आलेले, सोललेले, ओल्या फडक्यात बांधून डब्यात. सोबत चार आमसुलं, आणि त्यांच्या घरच्यांना सांगा, बिरड्यात गूळ विसरू नका. आणि हे मात्र लक्षात ठेवा: वाटेत झाकण उघडून बघायचं नाही.