पिवळ्या फडक्यांचं गणित

समस्त वाचकांना, त्यांच्या पै-पाहुण्यांना आणि विशेषतः आजवर बाजाराचा ठेका घेतलेल्या सर्व मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सदर लेखिकेने आयुष्यात एकदाच एका माणसाला भर बाजारात शाप दिला, तो फळला, आणि त्याचा तिला आजतागायत रतीभरही पश्चात्ताप झालेला नाही. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी त्या आपापल्या घरी जपून ठेवाव्यात.

आता खरं सांगते. मी केला होता तो साधा गुणाकार. पण शाप म्हटलं की माणसं कान देऊन ऐकतात, म्हणून मी कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही धाकट्या डहाणूचे. वडील आणि भाऊ होडीवर, मी आणि आई मासळीवर. विशी ओलांडलेली मी सकाळी पाटी घेऊन गावातल्या मसोलीत दारोदार ताजी मासळी विकायची आणि आई बाजारात चिंचेखाली सुकी मासळी मांडून बसायची. चिंचेखालची ती जागा आजीपासूनची. वैशाखात तर तिला गादीचा मान, कारण पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, आणि रानशेतची, तलासरीकडची माणसं चार महिन्यांचे बोंबील आणि सुकट याच दिवसांत भरून नेतात. वैशाख हातचा गेला की वर्ष गेलं.

त्या वैशाखात डोळे आले. आमच्या आळीत आले, तसे गावातही आले. आईचे तर असे सुजले की पापण्या उघडायला सकाळी पाणी लावावं लागे. पण आमच्यात डोळे आले म्हणून कुणी घरी बसत नाही. बोंबील काही आपले डोळे बरे व्हायची वाट बघत नाहीत. खात्यापित्या घरच्या बायका त्याच दुखण्यानं खिडक्या लावून अंधारात पडून राहत. त्यामुळे बाजारात जेवढे लाल डोळे दिसत तेवढे सगळे मासळीवाल्यांचे. बाजाराच्या ठेकेदारानं दिसलं तेवढंच मोजलं आणि निकाल दिला: रोग धाकट्या डहाणूहून येतो.

या ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत. कडक इस्त्रीचं धोतर, आणि राग आला की गुजराती. आईवर त्याचा जुना डूख होता. एकदा त्यानं न विचारता तिच्या टोपलीत हात घातला होता, आणि आईनं तो हात मेलेला खेकडा उचलावा तसा दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवला होता. सगळा बाजार हसला होता.

डोळे बघितल्यानं येतात, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत. मग काय, शेठला आयतीच संधी. त्यानं फर्मान काढलं की मासळीवाल्या बायकांनी गोदामाच्या भिंतीपाशी बसायचं, आणि भिंतीकडे तोंड करून. आईच्या जागेवर त्याच्या मेहुण्याची कलिंगडं आली. आई गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसे आणि बोंबलाची जुडी खांद्यावरून मागे धरी. येणारे-जाणारे तिच्या पाठीशी घासाघीस करत, हसत, आणि पुढे जात. आठवड्यात तिचे डोळे स्वच्छ झाले. मी जाऊन शेठला तसं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या आईचे गेले, गावातून गेले का? गावातून जाईपर्यंत भिंत सुटणार नाही.

त्या पाठीकडे बघून मी ठरवलं की हा माणूस मला त्याच भिंतीसमोर बसलेला हवा.

आता गणित. डोळे आले की आमच्याकडे हळदीच्या पाण्यात मऊ फडकं भिजवून डोळे पुसायचे, आणि ते धुऊन परसात वाळत घालायचं. मी मासळी घेऊन मागच्याच दारी जायची. त्यामुळे खिडक्या कितीही लावून घ्या, कुठल्या घरी डोळे आलेत ते मला दोरीवर दिसे. स्टेशनाकडच्या आळीत आधी एका परसात फडकं होतं. दोन रात्री गेल्या आणि शेजारच्या दोन परसांत दिसलं. आणखी दोन रात्रींनी त्या दोन घरांपायी चार नवी घरं पिवळी झाली. एवढ्याशा फडक्यांवरून गावाचं भविष्य सांगणं म्हणजे पहिल्या जाळ्यावरून हंगाम सांगणं, हे कळत होतं. पण दुपटीची चाल पक्की दिसत होती. आणि एक गोष्ट मला नक्की ठाऊक होती. हे नजरेनं जात नव्हतं. नजरेनं जात असतं तर रोज इतक्या लाल डोळ्यांशी भाव करणारी मी पहिली पडले असते. मी तोंड पुसत होते माझ्याच पदराला. त्या घरांत मात्र एका पंच्याला दहा तोंडं.

आळीमागून आळी मोजत गेले तर गावची विहीर ओलांडून शेठच्या चिकूच्या वाडीतल्या घरापर्यंत फडकी पोचायची वेळ आणि त्याच्या मुलीच्या लग्नाची वेळ एकच येत होती. मी बाजारात गेले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि नाटकातल्या राणीसारखा हात वर केला.

"शेठ, मुलीच्या मांडवात तुमचे डोळे उकडलेल्या कोळंबीसारखे लाल होतील."

शेठनं पान थुंकलं. "आणि नाही झाले तर?"

"तर माझी आई पुन्हा या बाजारात बसणार नाही. झाले तर चिंचेखाली, कायमची."

तो सगळ्यांकडे बघत कबूल म्हणाला. आईला वळायची मनाई, तिनं सगळं भिंतीकडे बघत ऐकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बाय, जागा माझी होती. मला विचारायचं तरी." मग ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

आणि फडकी गायब! चार दिवसांत सगळ्या दोऱ्या रिकाम्या. दुपटीची चाल कुठे, आणि उतरणारी फडकी कुठे. आईची जागा मी आपल्या हातानं घालवली होती. मग एका घरी दार अर्धंच उघडलं, मासळी घ्यायला नुसता हात बाहेर आला. मी फटीतून डोकावले. चुलीवर पिवळ्या फडक्यांची रांग! आतली बाई करवादली की माझ्या शापापासून ज्याच्या दोरीवर पिवळं दिसेल त्याला लोक टाळतात, आता परसात वाळवायची सोय राहिली नाही. म्हणजे माझ्या तोंडानंच माझी मोजणी बुडवली होती. तेव्हापासून मी अर्धी उघडणारी दारं मोजायला लागले. चाल तीच होती, हो! अगदी तीच.

फक्त एक अडचण. शेठची वाडी कुंपणाआड, तिथे कुणाचं येणं-जाणं नाही, आणि त्याचं मागचं दार अजून सताड उघडं. लग्न तोंडावर आलेलं. मी देवाला नवस बोलायच्या बेतात होते, तेवढ्यात शेठ स्वतःच माझ्या मदतीला धावला. तो कुंकू-अक्षता घेऊन घरोघर आमंत्रणाला निघाला.

मी पाटी घेऊन त्याच्या मागे मागे. काय देखावा होता तो! वैशाखाचं ऊन, घामानं निथळणारा शेठ, आणि जी दारं माझ्यासाठी अर्धी उघडत ती त्याच्यासाठी पूर्ण उघडत. प्रत्येक घरी रिवाजाप्रमाणे तांब्याभर पाणी, आणि तोंड पुसायला घरातला पंचा. घरातला तोच एक पंचा. शेठ डोळे मिटून, कानामागून, मानेवरून, रगडून तोंड पुसे. लाल डोळ्यांच्या माणसांकडे बघायचं मात्र कटाक्षानं टाळत होता. मला सांगता आलं असतं. मी त्याला पापलेट हवंय का विचारलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही बाजारातले सगळे मांडवाच्या दोरीबाहेर उभे. आईला मी ओढून आणलं होतं. शेठ कन्यादानाला आला तो काळा चष्मा लावून. वरपक्ष उंबरगावकडचा. त्यांच्यातल्या नवऱ्या मुलाच्या आजीनं विचारलं, व्याहीबुवा, मांडवात ऊन लागतंय का? चष्मा काढावा लागला. कोळंबी! तंतोतंत कोळंबी, तीसुद्धा जरा जास्त शिजलेली. वरपक्षाची पहिली रांग दोन पावलं मागे सरली. आजी खंबीर बाई. लग्न मोडायचं नाही, म्हणाली, पण नवऱ्या मुलावर यांची नजर पडता कामा नये. यांचा पाट भिंतीकडे फिरवा.

पाट फिरवला. शेठ भर मांडवात आपल्याच घराच्या भिंतीकडे तोंड करून बसला, आणि हात मागे वळवून मुलीच्या हातावर पाणी सोडायची खटपट करू लागला. बाजार तोंडात पदर आणि टोप्या कोंबून हसत होता. चिंचेखालची जागा आईला पुढच्याच बाजाराला मिळाली, कलिंगडं उन्हात गेली; पण माझं खरं येणं मला त्या क्षणी मिळालं. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिला त्याच्या अवघडलेल्या पाठीकडे बघवेना, आणि इतके दिवस न बोललेली माझी आई दोरीवरून वाकून मोठ्यानं बोलून गेली:

"शेठ, एक गुडघा वर घ्या, म्हणजे हात मागे पोचतो. मला सवय आहे."