त्या येत होत्या

"आज नको गं. पाहुणे यायचे होते, पण आता काही येत नाहीत," मागच्या दारी काकू म्हणाली.

मी वरच्या खोलीत त्याच पाहुण्यांसाठी उशांना अभ्रे घालत होते. हात तिथेच थांबला.

खाली मच्छीवाली मावशी टोपली उतरवून बसली होती. "अगं पन तूच सांगितलंस, सुरमय ठेव म्हणून. मी कोनाला दिली न्हाय."

"काय करू? त्या बाईंचा फोन आमच्या इंग्लिश मीडियमने घेतला. म्हणाली, त्या येत होत्या, एक वाजता पोचणार होत्या, आठ जणांना जेवण लागणार होतं. इतकं पडलेलं तोंड करून सांगितलं की मी पुढे विचारलंच नाही."

"तिचं तोंड रोजच तसं असतं," मावशी म्हणाली. "बरं, मी जाते बोर्लीच्या बाजारात. रिक्षा उभी हाय."

श्रीवर्धनला काकूच्या सुपारीच्या बागेला लागून पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. लोक खोल्यांसाठी येत नाहीत, काकूच्या हातच्या माशांसाठी येतात. मी तिथे राहायला गेल्यापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचे फोन माझ्याकडे आले होते. आणि आता आठ माणसं सुरमईच्या आशेने गाडीत बसलेली होती नि सुरमई रिक्षात बसायला निघाली होती.

चूक माझ्या मराठीची होती, पण ती शिकवली होती इंग्रजीने. आमच्या टीचर टेबलावर डस्टर आपटून सांगायच्या, पुढचं क्रियापद भूतकाळात गेलं की मागच्यानेही मुकाट त्याच्यामागे जायचं. 'ही सेड' म्हटलं की 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड'. सूट फक्त कायमच्या सत्यांना. पृथ्वी गोल आहे, हे कुणी कधीही म्हणालं तरी ती गोलच राहते. या प्रश्नात माझा एकही मार्क कधी गेला नाही. नियम मला मनापासून आवडायचा, कारण त्यात दुसऱ्याचं बोलणं लांबूनच सांगता यायचं. आमच्या घरात तसं कुणी सांगत नाही. काकू बँकेतल्या माणसाचं बोलणं सांगते तेव्हा नाकातून बोलते, मान हलवते, 'मी आता जेवायला चाललोय' असं त्याचं 'मी' सरळ स्वतःच्या तोंडात घेते. मला ते ऐकतानाही लाजल्यासारखं व्हायचं. म्हणून मी मराठीतही 'म्हणाल्या की' जोडायचे आणि पुढचं सगळं नीट एक पाऊल मागे सरकवून ठेवायचे. इंग्रजीत तसं केल्याने पाहुणे वाटेवरच असतात. मराठीत ते अर्ध्या वाटेतून घरी परत जातात.

हे मला अभ्रा हातात धरून, जिन्याच्या वरच्या पायरीवर कळलं. मी खाली धावले.

"काकू, त्या म्हणाल्या होत्या की त्या येत होत्या."

"हो गं, कळलं ते," काकू समजुतीने म्हणाली. "तू कशाला मनाला लावून घेतेस? लोकांचे बेत बदलतात."

"नाही, म्हणजे, त्या खरंच येत होत्या."

मावशीने टोपली डोक्यावर घेता घेता माझ्याकडे पाहिलं. "मंग आता कुठं हायत?"

"तळा गावात."

"तिथं काय करतायत?"

"चहा पीत होत्या."

"प्यायल्या आनि परत गेल्या?"

"नाही."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मावशीने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. खोटं मी एक अक्षरही बोलत नव्हते, आणि प्रत्येक वाक्यागणिक ते आठ जण श्रीवर्धनपासून आणखी लांब जात होते.

"थांब," काकू मावशीला म्हणाली. मग माझ्या हातातला अभ्रा काढून घेऊन मला म्हणाली, "तुझं राहू दे. ती बाई फोनवर काय बोलली, जशीच्या तशी बोलून दाखव. तूच ती आहेस असं समज."

मी मावशीच्या उंबऱ्याबाहेरच्या पायाकडे पाहिलं. डोक्यावरच्या टोपलीतून सुरमईचं शेपूट बाहेर आलं होतं. फोनवरच्या बाईंचा आवाज मोठा होता, हसरा, मागे मुलांचा गोंधळ. मी एक हात कानाशी नेला, जणू फोनच धरलाय, आणि बागेच्या टोकाला काम करणाऱ्या काकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"हॅलो, आम्ही आठ जण आहोत, तळ्याला चहा पितोय, एक वाजता पोचतो, आणि आम्हाला सगळ्यांना सुरमई पाहिजे."