आप्पांची बुटकी गाडी
उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला आप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी गाडी आठवते. शहापुरातल्या आमच्या गल्लीत यंत्रमागांच्या खडखडाटातही तिचा आवाज ओळखू यायचा. मच्छे गावचा गॅरेजवाला इंजिन उतरवावं लागेल असं सांगून थकला, मी विका म्हणून थकलो, आप्पांचं एकच, "चालतीया न्हवं अजून?" आई या वादात कधी पडली नाही. लग्नकार्य निघालं की "तुम्ही जावा, मी घरीच बरी," एवढंच म्हणायची. तिला गर्दी नको वाटत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. निपाणीला तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तेव्हा मात्र ती आली. कार्यालयासमोर दार उघडून तिनं पाय बाहेर टाकले आणि तशीच बसून राहिली. सीट इतकी खाली, की गुडघे उठू देईनात. दाराला धरून दोनदा उठायला गेली, दोनदा परत बसली. लोक बघायला लागले तशी मान खाली घालून म्हणाली, "म्हणून मी कुठं येत न्हाय बघा." "आधी का न्हाय सांगितलंस?" आप्पांनी विचारलं. "तुमची लई आवडती गाडी," ती म्हणाली. आम्ही दोघांनी हात धरून तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी गाडीला गिऱ्हाईक बघायला आप्पांनीच सांगितलं. आता माझी गाडी जुनी झालीय आणि ती बदलायचा मला कंटाळा आहे. परवा बायको म्हणाली, "तुम्ही जावा, मी घरीच बरी." मी किल्ली घेऊन जिना उतरायला लागलो, आणि अर्ध्यातच थांबलो.