देवयानीच्या शेजारच्या अकरा दीर्घिका

मी एकदा अकरा नव्या दीर्घिका शोधून काढल्या आणि त्यांतल्या सगळ्यांत मोठीला आमच्या नव्या जिल्ह्याचं नाव द्यावं, असा अर्ज करून बसले. तेव्हा मी उदगीरला शाळेत विज्ञान शिकवायची. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय.

लातूर जिल्हा नवानवा होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. सारं गाव आभाळात ढग शोधायचं. मी मात्र ढग नाहीत म्हणून खूश. दोन फळ्यांना बिजागरी ठोकून वर कॅमेरा बसवला होता. खालचा स्क्रू घड्याळ बघत हातानं फिरवला की कॅमेरा ताऱ्यांमागं सरकायचा. जेवणं झाल्यावर अर्धा तास गच्चीवर स्क्रू फिरवत बसले आणि देवयानी दीर्घिका फिल्मवर उतरवली.

फिल्म मी घरीच धुवायची, आणि तिला पाणी लई लागतं. टँकर यायचा आठवड्यातून एकदा. सासूबाईंनी केस धुवायला दोन घागरी राखून ठेवल्या होत्या. त्यांच्या डोक्याला पाणी लागून महिना झाला होता. मी विज्ञानाचं नाव सांगून त्या घागरी मागितल्या. फोटो आधी मला दाखवायचा, एवढ्या अटीवर त्यांनी दिल्या.

फोटोत देवयानीभोवती अकरा पांढरे ठिपके निघाले, कुठल्याच नकाशात नसलेले. मी अट विसरले आणि आधी कलेक्टरसाहेबांच्या नावानं अर्ज लिहिला. नवरा कचेरीत कारकून. अर्ज वाचून त्यांनी एवढंच विचारलं, सोबत सातबारा जोडायचा का. आणि नेला.

मग सासूबाईंना फोटो आणि निगेटिव्ह दाखवलं. त्यांनी निगेटिव्ह उजेडाला धरलं, पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि सगळ्यांत मोठी दीर्घिका पुसून टाकली. पदराला पांढरं लागलं. टँकरचं पाणी आटवलं की पातेल्याच्या बुडाला राहतो, तोच क्षार. पाण्याचे थेंब फिल्मवर वाळले होते आणि त्यांचे डाग फोटोत दीर्घिका होऊन बसले होते.

त्यांच्या केसांचा सुंभासारखा अंबाडा माझ्या समोरच होता. मी कशीबशी म्हणाले, आत्याबाई, फोटो फाडून टाकते.

“फाडू नको, मास्तरीणबाई. माझं न्हाणं हाय ते. चौकटीत घाल अन् भितीला लाव. कुणी माझ्या डोस्क्याकडं बघितलं, की मी तिकडं बोट दावते.”